हेल्पर शोध

मेजरनं आम्रपालीकडे पाहिलं आणि तो पुढे गेला.

ती निळ्या ताडपत्रीच्या आडोशात सांगितल्याप्रमाणे उभी होती. हात खाली, पाय जुळलेले, नजर कुत्र्याच्या डोळ्यांत नाही तर छातीवर. डाव्या हातात कोपराच्या वरपर्यंत जाड तागाची बाही, चावलाच तर तिथे चावावा म्हणून. मेजर धावत आडोशाच्या तोंडाशी आला, थांबला, नाक वर करून त्यानं हवा आत घेतली, आणि दुसऱ्याच्या खोलीचं दार चुकून उघडल्यावर माणूस जसा काही न बोलता ते लोटून घेतो तसा वळून निघून गेला. बाहेरून धनेशचा आवाज आला, "शोध, मेजर! हेल्पर शोध!" आणि पंजांचा आवाज पुढच्या आडोशाकडे गेला, तिथून त्याच्या पुढच्या. ते सगळे रिकामे होते. लहानपणी दापोडीत गल्लीच्या तोंडाशी कुत्री बसायची म्हणून ती शाळेला लांबच्या रस्त्यानं जायची. तेव्हापासूनची भीती तिनं आत्ता दोन मिनिटांत बाहेर काढून हाताशी ठेवली होती. ती वापरलीच गेली नाही. उरलेल्या भीतीचं काय करायचं ते तिला कळेना, म्हणून ती तशीच उभी राहिली.

थोड्या वेळानं धनेशनं आत डोकावलं. "मॅडम, तुम्ही आतच होतात ना?"

"होते."

"नाही, म्हणजे नक्की?"

प्रश्न इतका प्रामाणिक होता की क्षणभर तिनं मनातल्या मनात ताळा करून पाहिला. मग म्हणाली, "नक्की."

"कमाल आहे राव," धनेश म्हणाला. "त्याला तुमचा वासच नाही लागला."

खरं तर ती टाकाऊ रबराचा तुकडा घ्यायला यार्डात आली होती. महाळुंग्याच्या त्या कंपनीत गाड्यांचे रबरी बुश बनत, आणि आम्रपाली प्रयोगशाळेत ते ताणून, दाबून, तापवून पाही. यार्डातून तांब्याच्या केबली चोरीला गेल्यावर सिक्युरिटीवाल्यांनी हा बेल्जियन जातीचा कुत्रा आणला, आणि त्याला शिकवायला भोसरीचा धनेश. धनेशनं पॅलेट आणि ताडपत्र्यांचे सहा आडोसे उभे केले. एकात माणूस लपवायचा, कुत्र्यानं एकेक आडोसा धुंडाळत जायचं, माणूस सापडला की न चावता त्याच्यासमोर उभं राहून भुंकायचं, आणि मालक येईपर्यंत त्याला हलू द्यायचं नाही. या धंद्यात त्या लपणाऱ्या माणसाला हेल्पर म्हणतात. ते धनेशला माहीत होतं, बाकी कोणाला नव्हतं. त्यानं एचआरच्या अवधूत सरांना सांगितलं, रोज एक हेल्पर लागेल. महाळुंग्यात ज्या कंपनीच्या गेटवर ‘हेल्पर पाहिजेत’ अशी पाटी नाही ती कंपनी बंद पडली असं समजतात, त्यामुळे अवधूत सरांना मागणीत काही वावगं वाटलं नाही. त्यांनी रबर गंधक घालून साच्यात दाबणाऱ्या प्रेस शॉपला निरोप दिला, आणि ज्याची मशीन बंद असेल तो कंत्राटी हेल्पर रोज यार्डात येऊ लागला. पहिल्या दिवशी कोंडीराम हातमोजे घालून ट्रॉली ढकलत आला होता.

"काय उचलायचंय?"

"काही नाही भाऊ. लपायचंय."

"आन हजेरी?"

"लागंल ना."

कंपनीत लपल्यावर हजेरी लागते हे कोंडीरामला नवीन होतं. त्याच्या ओळखीचे काही जण ते काम वर्षानुवर्षं विनापरवानगी करत होते. आता मात्र ऑर्डरची घाई होती, प्रेस शॉपमधून कोणी सुटेना, आणि समोरून मॅडम येताना दिसल्या. "दोन मिनिटं उभ्या राहता का?" धनेशनं विचारलं. आम्रपाली नाही म्हणू शकली असती. पण नाही म्हणायला कारण द्यावं लागतं, आणि कारण दिलं की त्यावर बोलावं लागतं. उभं राहण्यात शब्द कमी खर्च होत होते.

त्या संध्याकाळी थेरगावच्या घरी तिनं पर्स ठेवली आणि स्वतःच्या मनगटाचा वास घेतला. हात धुवायच्या जेलचा हलका वास होता, त्याखाली काही नाही. कोपराच्या आतल्या बाजूला काही नाही. ओढणीच्या टोकाला लॅबमधल्या टोल्युइनची पुसट आठवण. प्रत्येक माणसाला वास असतो हे तिला शिकवलेलं होतं आणि ते तिला मान्यही होतं, फक्त तिला प्रथमच पुरावा मागावासा वाटत होता. वडील, नागसेन, टीव्हीचा आवाज बंद करून बातम्या पाहत बसले होते. पिंपरीच्या एका रबर कंपनीत त्यांनी अर्धी नोकरी हेल्पर म्हणून आणि अर्धी कायम कामगार म्हणून केली होती. लग्न ठरताना आईच्या घरी ‘मुलगा कंपनीत आहे’ एवढंच सांगितलं होतं. कंपनीत काय आहे हे आईला ओळखपत्रावरून कळलं, आणि तिनं ते ओळखपत्र पाहुणे आले की पालथं करून ठेवायला सुरुवात केली.

"बाबा, मला वास येतो का?"

"कसला?"

"माझा."

त्यांनी मान पुढे करून खरोखर हुंगलं. "मला काय विचारतेस? माझं नाक कंपनीतच राहिलं. तुझी आई सांगायची तेव्हा मला कळायचं की डाळ लागली." मग काळजीनं म्हणाले, "का? कोणी काही बोललं का?"

"कुत्रा काहीच बोलला नाही," आम्रपाली म्हणाली, आणि स्वयंपाकघरात गेली. आईचा त्या कंपनीच्या वासावरचा राग तिला आता आठवत होता. बाबांचे कामाचे शर्ट आई वेगळ्या बादलीत धुवायची आणि वेगळ्या दोरीवर, मागच्या बाजूला वाळत घालायची. गल्लीला कळू नये म्हणून. पण गल्लीत वीज गेली की जिन्यावर अंधारात कोण चढतंय हे छोट्या आम्रपालीला पावलांच्या आधी कळायचं. गंधक, तेल, गरम लोखंड, आणि त्यामागे बाबा. बीएस्सीला पहिल्यांदा गंधकाची बाटली उघडली तेव्हा तिला वाटलं, घरचं कोणीतरी आलं. हे तिनं शेजारच्या मुलीला सांगितलं नव्हतं. त्या मुलीच्या घरी गंधकाचा कोणी नसावा.

पुढच्या आठवड्यात मेजर गेटवर उभा राहू लागला, आणि शिफ्ट सुटताना तो कोंडीरामवर भुंकला. दुसऱ्या दिवशीही भुंकला. प्रेस शॉपच्या इतरांवर अधूनमधून भुंके, पण कोंडीरामसमोर तो पाय रोवून उभा राही आणि अंगातला सगळा श्वास वापरी. वॉचमननं कोंडीरामचा डबा उघडला, बूट काढायला लावले, टोपीची शिवण चाचपली. मिळाला भाकरीचा चुरा. अवधूत सरांनी स्वतः एकदा हौसेनं आडोशात लपून पाहिलं. मेजर त्यांच्याकडे पाहून निघून गेला, तेव्हा ते कपडे झटकत बाहेर आले, चेहऱ्यावर नुकताच वैद्यकीय दाखला मिळाल्यासारखं समाधान. दुपारच्या चहापर्यंत ही बातमी ऑफिसभर झाली. अकाउंट्सवाले गेले, पर्चेसवाले गेले, सगळ्यांना मेजरनं निर्दोष सोडलं. पर्चेसचे साहेब सुटले तेव्हा मात्र कँटीनमध्ये थोडी कुजबुज झाली, की कुत्रा तसा अजून नवाच आहे.

आम्रपालीला दोन रात्री नीट झोप लागली नाही. तिला जे दिसत होतं ते इतकं साधं होतं की कोणीतरी आधीच म्हटलं असेल असं तिला वाटत राहिलं. शिकताना कुत्र्याला जितके हेल्पर दिले तितके सगळे प्रेस शॉपचे. सगळ्यांच्या अंगाला तोच गंधक, तीच काजळी, साच्यावर फवारायचं तेच तेल. त्याच्या लेखी हेल्पर म्हणजे हा वास. ज्याला हा वास नाही तो लपला काय आणि उभा राहिला काय, तो हेल्पर नाही. तो स्टाफ आहे. पाहणीसाठी सगळे नमुने एकाच पोत्यातून काढले की असं होतं, हे पहिल्या वर्षाच्या पुस्तकात असतं. तिला खुपत होतं ते वेगळंच. वर्गवारी चुकीच्या कारणानं का होईना, कुत्र्यानं तिला बरोबर ओळखलं होतं.

शुक्रवारी कोंडीराम नेहमीप्रमाणे तपासणीचे तुकडे ट्रेमध्ये घेऊन आला आणि ट्रे ठेवून गेला नाही.

"मॅडम, ह्या मशिनीत मान्साचा वास तपासता येतो का?"

"कोणाचा?"

"माझाच. काय हाय ते कागदावर लिहून द्या म्हंजे झालं. आमच्या गेटपासाची मुदत उद्या संपतीय. सर म्हनले, कुत्र्याचा संशय हाय, कंत्राटदाराला सांगितलंय सोमवारपासून दुसरा मानूस धाडा. मी म्हनलं सर, मी काय घेतलं ते तर सांगा. तर म्हनले, ते आमाला कळलं असतं तर कुत्रं कशाला आनलं असतं?"

तो तक्रारीच्या सुरात बोलत नव्हता. अवधूत सरांचं म्हणणं त्याला बहुधा पटलं होतं, म्हणूनच तो तपासणीला आला होता. आम्रपालीनं रबराचा एक तुकडा उचलला, खाली ठेवला. "तुम्ही साच्यावर तेल फवारता ना?"

"व्हय. मीच. दुसऱ्याला खोकला येतो."

"मला तुमचा एक कामाचा शर्ट पाहिजे. घातलेला. आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत तोंड बांधून आणा. वाटेत उघडायचा नाही."

कोंडीरामनं मशीनकडे पाहिलं. "मशिनीत घालनार?"

"मी घालणार."

अवधूत सरांना पटवायला तिला वाटलं त्यापेक्षा कमी बोलावं लागलं, कारण तेच बोलत होते. "मॅडम, डॉग न्यूट्रल असतो. तो काय युनियनचा आहे का? बरं, करा तुमचं एक्सपेरिमेंट. एकदा. शर्ट घालून तुम्ही लपा, भुंकला तर मी मानतो की तो वासावर भुंकतो, माणसावर नाही. नाही भुंकला तर विषय संपला." तिनं मान हलवली. हात धुवायच्या जेलला दिवसभर हात लावायचा नाही, असं तिनं ठरवलं.

शनिवारी दुपारी यार्डात बरीच गर्दी जमली. धनेशला मेजरसकट गोडाऊनमागे पाठवलं होतं, कोणता आडोसा ते त्याला कळू नये, नाहीतर त्याच्या नजरेवरून कुत्र्याला कळतं. तिनं चौथा आडोसा निवडला, आत शिरली, पिशवीची गाठ सोडली. शर्ट हातात आला तेव्हा तिला आधी घडी जाणवली. मग इस्त्रीची धार. मग मोगरा. शर्ट स्वच्छ धुतलेला होता, नीळ दिलेला होता, एक तुटलेलं बटण नव्यानं लावलेलं होतं, आणि कॉलरला बहुधा खळसुद्धा होती. बाहेर धनेश ओरडला, "शोध, मेजर! हेल्पर शोध!"

आता हाक मारणं नियमात बसत नव्हतं. हेल्परनं हलायचं नसतं, बोलायचं नसतं. तिनं शर्ट चढवला, कारण दुसरं काय करणार, आणि मोगऱ्याच्या वासात उभी राहिली. तिच्या जागी दुसरं कोणी असतं तर कोंडीरामच्या बायकोवर चिडलं असतं. पण तिला दिसत होतं ते सगळं: कोंडीरामनं घरी सांगितलं असणार, लॅबच्या मॅडम माझा शर्ट घालणार आहेत, आणि त्या बाईनं पदर खोचून आधी बादली घेतली असणार. मॅडमना असला शर्ट देतात होय? आई हयात असती तर तिनंही हेच केलं असतं, वर दोन लवंगा खिशात टाकल्या असत्या. पंजांचा आवाज पहिल्या आडोशापाशी थांबला, निघाला. दुसऱ्यापाशी. तिसऱ्यापाशी. एखादा माणूस आपली नोकरी कशी गमावतो, याची तिनं मनात बरीच कारणं धरली होती. इस्त्री त्यात नव्हती. मेजर आला, त्यानं हवा आत घेतली, आणि शिंकला. मग गेला.

बाहेर कोणीतरी हसलं. "झालं," अवधूत सर म्हणाले. "थँक यू मॅडम. विषय संपला."

आम्रपाली आडोशातून बाहेर आली. हेल्पर आपण होऊन बाहेर येतो हे मेजरनं कधी पाहिलं नव्हतं. तो खाली बसला.

"संपला नाही," ती म्हणाली. "सॅम्पल चुकलं."

"मॅडम, एकदाच ठरलं होतं."

"खराब सॅम्पलच्या रिपोर्टवर मी सही करत नाही, सर."

हे ती रोज म्हणत असे, याच आवाजात, आणि दरवेळी पाठवणीला निघालेला एखादा ट्रक गेटच्या आत थांबत असे. अवधूत सरांना तो ट्रक आठवला असावा. ते घड्याळाकडे पाहू लागले. ती कोंडीरामकडे वळली. तो अपराधी चेहऱ्यानं शर्टाकडेच पाहत होता, पण त्यात थोडं कौतुकही होतं.

"मी सांगितलं व्हतं तिला, मॅडम. सरू ऐकतीय व्हय?"

"अंगातला द्या."

"आं?"

"अंगातला शर्ट. आत्ता."

"ह्यो घामाचा हाय."

"घामाचाच पाहिजे."

कोंडीराम पॅलेटच्या थप्पीमागे गेला, आणि थप्पीवरून एक हात आणि हाताला शर्ट एवढंच बाहेर आलं. धनेश पुन्हा मागे गेला. या वेळी तिनं शेवटचा आडोसा घेतला. इस्त्रीचा शर्ट काढून घडी करून तिनं बाजूच्या लाकडी खोक्यावर ठेवला, आणि दुसरा अंगात घातला. तो पाठीवर अजून ओला होता. तेलानं जड झालेला, बगलेत ताठ झालेला, आणि त्याचा वास नाकात शिरण्याआधी सरळ जिन्यावर गेला, दापोडीच्या, अंधारात, तिसऱ्या पायरीवर. तिला आत्ता एकदम जाणवलं की तिला दोन गोष्टी एकाच वेळी हव्या आहेत. कुत्रा भुंकायला हवा, आणि कुत्रा येऊ नये. आणि तिसरी एक गोष्ट होती, जी प्रयोगात धरलेली नव्हती: त्यानं पुन्हा नुसतं पाहून निघून जाऊ नये. कोंडीरामच्या पासाशी तिचा काही संबंध नव्हता, ती निव्वळ खाजगी होती, आणि तिची तिला थोडी लाज वाटली. पंजे जवळ आले. या वेळी ते मधेच कुठे थांबले नाहीत. पाच आडोसे सोडून ते सरळ आले.

मेजर तिच्यासमोर पाय रोवून उभा राहिला आणि भुंकला. तो आवाज कानात नाही, छातीच्या पिंजऱ्यात आदळला. ताडपत्री थरथरली. घाबरलेली होतीच ती, अगदी व्यवस्थित, जितकी भीती शिल्लक होती तितकी सगळी एकदम वापरली जात होती. पण नियमाप्रमाणे कुत्र्याच्या छातीकडे पाहताना तिला त्याच्या मागे काहीतरी हलताना दिसलं. शेपूट. ती इतकी जोरात हलत होती की कुत्र्याचा मागचा अर्धा भाग तिच्याबरोबर डोलत होता. हेल्पर सापडला की धनेश खिशातून चेंडू काढतो. मेजरसाठी हेल्पर म्हणजे चोर नव्हता. त्याच्यासाठी जगात हेल्परइतकी चांगली दुसरी गोष्टच नव्हती, आणि रोज शिफ्ट सुटताना ती गेटमधून चालत त्याच्याकडे येत होती.

"सर," ती भुंकण्याच्या वर ओरडली, "शेपूट बघा!"

अवधूत सर आडोशाच्या तोंडाशी आले, सुरक्षित अंतर ठेवून त्यांनी शेपटीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "हा खूश आहे?"

"हो!"

"कोंडीरामला बघून हा रोज खूश होतो?"

"हो!"

"आणि मला बघून होत नाही?"

मेजरनं त्यांच्याकडे मानही वळवली नाही. "ठीक आहे, ठीक आहे," अवधूत सर ओरडले, "रिन्यू करतो पास. आजच करतो. आधी याला आवरा रे!" धनेश पट्टा लावायला धावला. "सर, आता स्टाफवर पण ट्रेन करावा लागंल. सोमवारपासून तुम्हीच या." कोंडीराम बनियनवर, दोन्ही हात काखेत घालून, लोकांच्या मागे उभा होता आणि त्याला कोणी काय झालं ते सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात तिच्या छातीवर काहीतरी थरथरलं आणि वाजू लागलं. शर्टाच्या खिशात कोंडीरामचा फोन होता. तिनं तो दोन बोटांनी बाहेर काढला. पडद्यावर ‘सरू घर’.

"तुमीच उचला मॅडम," कोंडीराम लांबून म्हणाला, "न्हाईतर ती थांबत न्हाई. पन घामाचा घातला म्हनून सांगू नका. मारंल मला."

तिनं फोन कानाला लावला. "हॅलो."

"अवं, कोन?"

"लॅबमधून मॅडम बोलतेय."

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज. सरूबाईंचा आवाज खाली आला. "मॅडम, शर्ट मिळाला का? बसला का? वास तर न्हाई ना येत?"

आम्रपालीनं आयुष्यात एकही आकडा खोटा लिहिला नव्हता. तिनं खोक्यावरच्या घडीकडे पाहिलं. ज्या शर्टाबद्दल विचारलं होतं त्या शर्टाबद्दल हे उत्तर तंतोतंत खरं होतं.

"नाही," ती म्हणाली. "अजिबात नाही. फार छान धुतलाय."

"मग कुत्रं का वरडतंय एवढं?"

धनेश मेजरला मागे ओढत होता. मेजर मागच्या पायांवर उभा राहून, पट्ट्यानं गळा आवळला तरी, तिच्याकडे पाहून भुंकतच होता.

"त्याला मी सापडले," आम्रपाली म्हणाली.